डिस्कचे हेलपाटे कसे कमी केले? जुन्या युनिक्सची गोष्ट



संगणकाच्या तासाला आपण मुलांना दोन सूचना हमखास देतो. एक, संगणक थेट बटण दाबून बंद करायचा नाही, आधी शट डाऊन करायचं. दोन, पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढायचा नाही. मुलं ऐकतात. पण या दोन्ही सूचनांमागचं कारण काय, हे पाठ्यपुस्तकात फारसं सापडत नाही. "फाइल तर सेव्ह केली, मग आता काय राहिलं?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दडलेलं आहे. तिचं नाव युनिक्स. आजच्या लेखात आपण पाहूया, की युनिक्सने डिस्ककडे होणारे हेलपाटे कसे वाचवले आणि त्या बचतीची किंमत काय मोजावी लागली.

आधी डिस्क समजून घेऊ

युनिक्सचा जन्म अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची दोन मुख्य नावं. पुढे ही सिस्टीम पीडीपी-११ नावाच्या संगणकांवर चालू लागली. या संगणकांना आरके०५ नावाची डिस्क जोडलेली असायची. मोठ्या थाळीसारखी एकच तबकडी, तीही डब्यासकट काढता-घालता येणारी. तिच्यात मावायचं किती? सुमारे २५ लाख बाइट, म्हणजे अडीच एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावेलच असं नाही!

या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर गोल गोल वाटा असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १२ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. या ५१२ बाइटच्या तुकड्याला आपण ब्लॉक म्हणूया. एक ब्लॉक वाचायचा तर तीन गोष्टी घडाव्या लागतात:

१. वाचणारं हेड योग्य ट्रॅकवर सरकायला हवं. याला सरासरी ५० मिलिसेकंद लागायचे.
२. हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली यायला हवा. तबकडी मिनिटाला १५०० फेरे घ्यायची, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे २० मिलिसेकंद.
३. मग प्रत्यक्ष वाचन. ४० भागिले १२, म्हणजे सुमारे ३.३ मिलिसेकंद.

आता बेरीज करा. एकूण सुमारे ७३ मिलिसेकंद. त्यातलं खरं काम फक्त ३.३ मिलिसेकंदांचं! बाकीचे ७० मिलिसेकंद जाण्यात आणि वाट पाहण्यात जातात. तेवढ्या वेळात पीडीपी-११ चा प्रोसेसर हजारो सूचना पूर्ण करू शकत होता. म्हणजे प्रोसेसर चपळ, मेमरी चपळ आणि डिस्क मात्र सावकाश. अडचण नेमकी कुठे आहे हे लक्षात आलं ना? अडचण वाचनात नाही, हेलपाट्यात आहे.

आपल्या शाळेतलंच उदाहरण घ्या. वर्गातल्या ४० मुलांच्या जन्मतारखा हव्या आहेत आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या कपाटात आहे. एकेका मुलासाठी ऑफिसात जायचं, कुलूप उघडायचं, रजिस्टर काढायचं, एक तारीख पाहायची, कुलूप लावून वर्गात परत यायचं, असं कुणी करेल का? तारीख वाचायला दोन सेकंद लागतात, वेळ जातो तो येण्या-जाण्यात. म्हणून आपण एकदाच जातो आणि सगळी यादी उतरवून आणतो. युनिक्सनेही हेच केलं. फक्त अधिक शिस्तीने.

युक्ती पहिली : मेमरीत प्रत ठेवा

समजा एखादा प्रोग्राम फाइलमधलं एकेक अक्षर मागतोय. एका ब्लॉकमध्ये ५१२ अक्षरं आहेत. दर अक्षरासाठी डिस्क वाचायची ठरवली तर तोच भाग पुन्हा हेडखाली येईपर्यंत दर वेळी पूर्ण एक फेरा थांबावं लागेल. ५१२ गुणिले ४० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ २० सेकंद. एका ब्लॉकसाठी!

यावर उपाय असा. डिस्कवरून वाचलेला ब्लॉक मेमरीतल्या एका राखीव जागेत ठेवायचा. या जागेला म्हणतात बफर आणि अशा सगळ्या बफरच्या साठ्याला म्हणतात बफर कॅश. पहिलं अक्षर मागितलं की डिस्ककडे एक हेलपाटा. उरलेली ५११ अक्षरं मेमरीतूनच मिळतात. २० सेकंदांचं काम ७३ मिलिसेकंदांवर आलं.

आता गंमत पाहा. १९७५ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत असे बफर किती होते? फक्त १५. म्हणजे १५ गुणिले ५१२, एकूण ७,६८० बाइट. त्या काळी मेमरी फार महाग होती, त्यामुळे यापेक्षा जास्त जागा देणं परवडत नव्हतं.

पण पंधराच बफर आणि ब्लॉक तर हजारो. मग नवीन ब्लॉक आला की जुन्यांपैकी कोणाला हलवायचं? युनिक्सचा नियम सोपा होता. बफरचं काम झालं की तो रांगेच्या शेवटी उभा करायचा आणि नवीन ब्लॉकसाठी जागा लागली की रांगेच्या पुढचा बफर घ्यायचा. म्हणजेच बराच वेळ ज्याला कोणी हात लावला नाही, तो आधी जाईल. जो सारखा लागतो तो पुन्हा पुन्हा रांगेच्या शेवटी जातो आणि टिकून राहतो. आपण टेबलावर रोजची वही वर ठेवतो आणि गेल्या वर्षीची फाइल माळ्यावर टाकतो, तसंच.

युक्ती दुसरी : मागायच्या आधीच आणून ठेवा

बहुतेक फाइल आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने वाचतो. चौथ्या ब्लॉकनंतर पाचवा लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. युनिक्स प्रत्येक उघडलेल्या फाइलबाबत आपण शेवटचा कोणता ब्लॉक वाचला हे लक्षात ठेवायची. आत्ता मागितलेला ब्लॉक त्याच्या लगेच पुढचाच असेल, तर ती समजायची की वाचन क्रमाने चाललंय. मग ती मागितलेला ब्लॉक तर आणायचीच, शिवाय त्याच्या पुढच्याचीही मागणी डिस्ककडे नोंदवून ठेवायची.

याचा फायदा काय? प्रोग्राम चौथ्या ब्लॉकवर काम करत असतो, तेवढ्यात पाचवा मेमरीत येऊन बसतो. डिस्कचा वेळ वाचला नाही, पण प्रोग्रामचं थांबणं वाचलं. पोळी ताटात संपायच्या आत दुसरी तव्यावर टाकलेली असते, तसं समजा. मात्र फाइल क्रमाने वाचली जात नसेल तर ही युक्ती उपयोगाची नाही, उलट आणलेला ब्लॉक वाया जाईल. म्हणूनच आधी क्रम तपासायचा आणि मगच पुढचं मागवायचं.

युक्ती तिसरी : लिहायची घाई करू नका

ही युक्ती सर्वात महत्त्वाची आहे, आणि सर्वात धोक्याचीही. नीट लक्ष द्या.

त्या वेळच्या युनिक्समध्ये फोल्डरमधली प्रत्येक नोंद १६ बाइटची असायची. २ बाइट क्रमांकासाठी आणि १४ बाइट फाइलच्या नावासाठी. म्हणजे एका ब्लॉकमध्ये ३२ नोंदी. समजा एका फोल्डरमध्ये ३२ नव्या फाइल तयार केल्या. मग तोच एक ब्लॉक ३२ वेळा बदलणार. प्रत्येक बदलानंतर तो डिस्कवर लिहायचा म्हटलं तर ३२ हेलपाटे. पण बदल मेमरीतल्या प्रतीवर करत राहिलो आणि शेवटी एकदाच डिस्कवर लिहिलं तर? एकच हेलपाटा!

सहाव्या आवृत्तीतला नियम मोठा व्यवहारी होता. प्रोग्राम लिहिता लिहिता ब्लॉकच्या शेवटापर्यंत पोहोचला, तर तो ब्लॉक लगेच डिस्ककडे रवाना करायचा, कारण आता त्यात आणखी भर पडण्याची शक्यता कमी. ब्लॉक अर्धवट भरलेला असेल तर थांबायचं, कारण थोड्याच वेळात त्यात पुन्हा काहीतरी लिहिलं जाण्याची शक्यता जास्त. अशा थांबवलेल्या बफरवर 'अजून लिहायचा आहे' अशी खूण करून ठेवली जायची. तो बफर दुसऱ्या ब्लॉकसाठी वापरायची वेळ आली की आधी डिस्कवर लिहायचा, मग मोकळा करायचा.

शाळेत आपण कच्च्या वहीत नोंदी करतो आणि नंतर एकदाच पक्क्या रजिस्टरला उतरवतो. अगदी तसंच. पण मधल्या वेळात कच्ची वहीच हरवली तर?

युक्ती चौथी : वाटेतली कामं क्रमाने करा

एकाच वेळी अनेक प्रोग्राम डिस्ककडे मागण्या करतात. एकाला १० क्रमांकाचा ट्रॅक हवा, दुसऱ्याला १९०, तिसऱ्याला १२ आणि चौथ्याला १८५. आलेल्या क्रमाने गेलो तर हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं धावत राहील. १० पासून १९० पर्यंत १८० पावलं, परत १२ पर्यंत १७८ आणि पुन्हा १८५ पर्यंत १७३. एकूण ५३१. त्याऐवजी १०, १२, १८५, १९० असं लावलं तर फक्त १८० पावलं. काम तेवढंच, धावपळ एक तृतीयांश.

पोस्टमन पत्रं आधी गल्लीप्रमाणे लावून घेतो, मग निघतो. लिफ्टही ज्या दिशेला निघाली त्या दिशेचे मजले घेत जाते. म्हणून या पद्धतीला लिफ्टची पद्धत असंही म्हणतात. युनिक्समध्ये मोठ्या डिस्कसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये मागण्या अशा लावून घेतल्या जायच्या.

एवढं करूनही डिस्क हळू का पडली?

या चार युक्त्यांनी हेलपाटे कमी झाले, पण प्रश्न पूर्ण सुटला नाही. कारण फाइलचे ब्लॉक डिस्कवर कुठे ठेवायचे, हे जुनी युनिक्स फारसं पाहत नव्हती. मोकळ्या ब्लॉकची एक यादी असायची आणि यादीत जो वर असेल तो दिला जायचा. डिस्क नवी असताना यादी क्रमाने लावलेली असे, त्यामुळे फाइलचे ब्लॉक जवळजवळ येत. पण फाइल तयार होणं आणि पुसली जाणं सुरू झालं की यादी विस्कटायची. मग एकाच फाइलचा एक ब्लॉक इथे, तर दुसरा पार तिकडे.

याचं मोजमाप अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालं. मार्शल कर्क मॅकक्युसिक, बिल जॉय, सॅम्युअल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हे आकडे आहेत. नव्या डिस्कवर सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत वेग मिळायचा. काही आठवडे साधारण वापर झाला की तो ३० किलोबाइटवर यायचा. डिस्क तीच, प्रोग्राम तेच. फक्त ब्लॉक विखुरले!

दुसरी अडचण ब्लॉकच्या आकाराची. ५१२ बाइटचा ब्लॉक म्हणजे मोठं पोतं वाटी-वाटीने रिकामं करण्यासारखं. बर्कलीच्या मंडळींनी आधी ब्लॉक १०२४ बाइटचा केला, तेवढ्यानेच वेग दुपटीहून अधिक झाला. तरीही डिस्कच्या क्षमतेपैकी फक्त ४ टक्के वापरात येत होते. मग ब्लॉक आणखी मोठा का नाही करायचा? कारण युनिक्समध्ये छोट्या फाइल फार असतात. छोट्या फाइलला मोठा ब्लॉक दिला की उरलेली जागा वाया. त्यांच्या मोजणीत ५१२ बाइटच्या ब्लॉकला ६.९ टक्के जागा वाया जात होती आणि ४०९६ च्या ब्लॉकला तब्बल ४५.६ टक्के.

म्हणजे एकीकडे वेग, दुसरीकडे जागा. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्सची ४.२ ही आवृत्ती आली, तिच्यात यावर तोड काढलेली होती. ब्लॉक ४०९६ बाइटचा किंवा त्याहून मोठा, पण गरज पडली तर त्याचे तुकडे करता येतील असा. समजा ९००० बाइटची फाइल आहे. ४०९६ चे दोन पूर्ण ब्लॉक म्हणजे ८१९२ बाइट. उरले ८०८ बाइट. त्यांच्यासाठी अख्खा ब्लॉक न देता १०२४ बाइटचा एकच तुकडा द्यायचा. बाकीचे तुकडे दुसऱ्या छोट्या फाइलना.

शिवाय डिस्कचे विभाग पाडले. आधी फाइलची माहिती डिस्कच्या एका टोकाला आणि फाइलमधला मजकूर दूर दुसरीकडे असायचा. आता प्रत्येक विभागात माहिती आणि मजकूर शेजारी शेजारी. एका फोल्डरमधल्या फाइल शक्यतो एकाच विभागात. आणि मोकळी जागा शोधायला वाव राहावा म्हणून डिस्कचा सुमारे १० टक्के भाग मुद्दाम रिकामा ठेवायचा.

निकाल? एका चाचणीत जुन्या पद्धतीने वाचनाचा वेग सेकंदाला २९ किलोबाइट होता, तो नव्या पद्धतीने २२१ झाला. साडेसात पट! डिस्क न बदलता.

आता किंमत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. फाइल सेव्ह केली म्हणजे ती डिस्कवर गेली का? तिसरी युक्ती आठवा. प्रोग्रामला वाटतं काम झालं, पण लिहिलेला मजकूर कदाचित अजून मेमरीतच असतो. मेमरी म्हणजे आपली कच्ची वही. वीज गेली की कोरी!

युनिक्स बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. स्वतः थॉम्पसन यांनी युनिक्सच्या रचनेवरच्या लेखात या पद्धतीचे तोटे स्पष्ट मांडले आहेत. सिस्टीम अचानक थांबली तर बरंचसं काम वरवर पूर्ण झालेलं दिसतं, पण डिस्कवर ते अपुरं असतं. आणखी एक तोटा म्हणजे डिस्कवर लिहिताना चूक झाली तर ती उशिरा कळते. तोवर लिहिणारा प्रोग्राम संपूनही गेलेला असतो. मग सांगायचं कोणाला?

हा धोका कमी करण्यासाठी सिंक नावाची आज्ञा होती. 'खूण केलेले सगळे बफर आता डिस्कवर उतरवा' हा तिचा अर्थ. अपडेट नावाचा एक छोटा प्रोग्राम मागे सतत चालू असायचा आणि दर ३० सेकंदांनी हेच काम करायचा. म्हणजे नुकसान झालंच तर साधारण शेवटच्या अर्ध्या मिनिटाचं. जुने युनिक्सवाले संगणक बंद करण्याआधी सिंक ही आज्ञा तीनदा टाइप करायचे. आज्ञा दिल्यावर लिखाण सुरू होतं, पण ते पूर्ण व्हायला थोडा वेळ लागतो. तीनदा टाइप करेपर्यंत तेवढा वेळ मिळून जातो, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं.

तर शट डाऊन म्हणजे काय? जाता जाता कच्च्या वहीतल्या सगळ्या नोंदी पक्क्या रजिस्टरला उतरवणं. आणि पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'सुरक्षित काढा' हा पर्याय निवडणं म्हणजे त्या एका पेन ड्राइव्हपुरतं सिंक करणं. आजच्या एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये फिरती तबकडी नाही, सरकणारं हेड नाही. तरीही त्या मेमरीपेक्षा हळूच आहेत, म्हणून कॅश आजही आहे आणि धोकाही आहे. शाळेची माहिती भरलेली फाइल किंवा निकालपत्रक पेन ड्राइव्हवर घेताना हे विसरू नका.

शिक्षकांसाठी एक जोड

न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे ९,००० ओळींचा कोड समजावून सांगणारी टिपणं लिहिली. या लेखातलं बफरचं कामही त्यात उलगडून सांगितलं आहे. पुढे या टिपणांच्या झेरॉक्स जगभर फिरल्या. वर्गासाठी लिहिलेल्या टिपणांची ताकद किती असते पाहा!

वर्गात करून पाहा

वर्गाच्या एका टोकाला कपाटाजवळ एक मूल 'डिस्क' म्हणून उभं करा. त्याच्याकडे २० चिठ्ठ्या द्या. दुसऱ्या टोकाला 'प्रोग्राम'. मधे टेबलावर फक्त ३ चिठ्ठ्या मावतील अशी जागा आखा, ती 'मेमरी'. 'प्रोग्राम'ला चिठ्ठ्यांची यादी द्या, त्यात काही क्रमांक पुन्हा पुन्हा येऊ द्या. आधी टेबल न वापरता हेलपाटे मोजा, मग टेबल वापरून मोजा. शेवटी टेबलावरच्या चिठ्ठीवर काही लिहायला लावा आणि ती कपाटात जायच्या आधी 'वीज गेली' असं म्हणून टेबल साफ करा. पुढचं काही सांगावं लागणार नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• डिस्कचा वेळ वाचनात कमी आणि हेलपाट्यात जास्त जातो.
• कॅश, आगाऊ वाचन, उशिरा लेखन आणि मागण्यांचा क्रम या चार युक्त्यांनी वेळ वाचतो.
• फाइलचे ब्लॉक जवळजवळ ठेवले तर तीच डिस्क कितीतरी पट वेगाने चालते.
• उशिरा लेखनाने वेग मिळतो, पण मधल्या वेळात माहिती धोक्यात असते.

स्वाध्याय

१. आरके०५ डिस्कवर विखुरलेले १०० ब्लॉक वाचायला साधारण किती सेकंद लागतील? एका ब्लॉकला ७३ मिलिसेकंद धरा.
२. ट्रॅक क्रमांक ५, १५०, ८, १४० या मागण्या आल्या आहेत. हेड ५ वर आहे. आलेल्या क्रमाने आणि लावून घेतलेल्या क्रमाने हेडला किती पावलं चालावं लागेल?
३. ६००० बाइटच्या फाइलला ४०९६ चे ब्लॉक आणि १०२४ चे तुकडे अशी जागा द्यायची आहे. किती ब्लॉक आणि किती तुकडे लागतील?
४. दर ३० सेकंदांऐवजी दर सेकंदाला सिंक केलं तर फायदा काय आणि तोटा काय? तुमच्या शब्दांत लिहा.

उत्तरं आधी स्वतः काढा आणि मग एकमेकांची तपासा. चौथ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून त्यावर वर्गात चर्चा जरूर घ्या.